पुढच्या सस्पेन्शनचं काम घरी: लिंक रॉड, लोअर आर्म, शॉकअब्सॉर्बर

चौथागिअर

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई). ९५,००० किमी झालेत आणि सस्पेन्शनचे सगळे पार्ट मूळचेच आहेत. लक्षणं अशी:

बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर २०-३० च्या वेगात डावीकडून खट-खट येते. स्पीडब्रेकरवरून सरळ गेलं तर मात्र आवाज जवळपास नाहीच. ब्रेक दाबताना एकदा ‘धप्प’ होतं, आणि रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडतानाही. उजव्या शॉकअब्सॉर्बरवर वरपासून खालपर्यंत तेल आहे, त्यावर माती धरलीय.

लिंक रॉड, लोअर आर्म आणि पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर घरीच बदलायचा विचार आहे. ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, टॉर्क रेंच आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसर आणावा लागेल. विचारायचं हे की नेमकं काय गेलंय याची खात्री कशी करायची, स्ट्रट सोडवताना कुठे धोका आहे, आणि ‘बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी खाली घेऊन आवळा’ असं जे सांगतात ते का?

---

नटबोल्ट

तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यातच बरंचसं निदान आहे.

स्टॅबिलायझर बार म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना लिंक रॉड. त्याला काम पडतं ते डावं आणि उजवं चाक वेगवेगळं हललं तरच. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो आणि लिंक रॉडवर फारसा भार येत नाही. बारीक खड्ड्यात एकच चाक खाली जातं, लिंक एकदा ओढली जाते, एकदा दाबली जाते, आणि तिच्या बॉलमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर प्रत्येक वेळी खट वाजतं. म्हणजे संशय आधी लिंकवर.

तपासताना सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे एकच बाजू जॅकवर घेऊन लिंक हलवून पाहणं. एक चाक लोंबतं, एक जमिनीवर, त्यामुळे बार पिळला जातो, लिंक ताणून बसते आणि प्ले लपतो. गाडी चारही चाकांवर उभी ठेवा, इंजिन बंद, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, टायरच्या मागून हात घालून लिंक धरा आणि जोरात आडवी-उभी हलवा. चांगला बॉल जड फिरतो, आवाज करत नाही. बोटांना टकटक लागली की लिंक गेली.

‘धप्प’ची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी करणं गरजेचं आहे, नाहीतर नवे आर्म बसवूनही आवाज तसाच राहतो. ब्रेक लावल्यावर चाक मागे ढकललं जातं आणि ते लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हाताच्या) मागच्या बुशने धरायचं असतं. क्लच सोडताना येणारा धप्प इंजिन माउंटचाही असतो. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, मदतनीसाला पायाने ब्रेक घट्ट दाबून ठेवायला सांगा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडून परत दाबायला सांगा. मग रिव्हर्समध्ये तसंच. तुम्ही बाजूला उभं राहून बघा, गाडीच्या पुढे-मागे कोणीही नको. इंजिन मोठा झोका घेऊन आपटत असेल तर माउंट. नुसत्या ब्रेकवर, क्लच दाबलेला असतानाही धप्प येत असेल तर बुश.

बुश बघायला दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, आर्म आणि सबफ्रेमच्या (खालच्या लोखंडी चौकटीच्या) मध्ये टॉमी (पहार) घालून हलकेच उचका. रबरावर वरवरच्या बारीक चिरा वयाने येतात, त्यासाठी आर्म बदलायची गरज नाही. रबर मधल्या स्लीव्हपासून सुटलेलं दिसलं किंवा फट आरपार गेली असेल तर काम संपलं. काही बुशमध्ये कंपनीनेच पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या कडा गुळगुळीत असतात, फाटलेल्याच्या ओबडधोबड.

चाक उचललेलं आहे तोवर बॉल जॉइंटही बघा. टायर वर-खाली, म्हणजे १२ आणि ६ वाजता धरून हलवा. प्ले लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचं वरचं माउंट. ३ आणि ९ वाजता प्ले लागला तर टाय रॉड एंड नाहीतर रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगचे सांधे. मॅकफर्सनमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट नकलवर (चाकाचा हब धरणाऱ्या भागावर) येतं, खालच्या बॉल जॉइंटवर नाही. म्हणून हाताने काही लागलं नाही तरी आर्म आणि नकलमध्ये टॉमी घालून एकदा उचकून बघाच.

शॉकअब्सॉर्बरवर वरच्या सीलजवळ नुसता ओलसर थर असेल तर तो चालतो. तुमच्याकडे तेल खालपर्यंत आलंय, तो गेलाच. दोन्ही बदला. एक नवा आणि एक ९५,००० किमीचा असा जोड असेल तर खड्ड्यावर आणि ब्रेकवर दोन बाजू वेगळ्या वागतात.

---

पानागोटी

स्ट्रटचं मी सांगतो. त्याआधी एक गोष्ट: स्ट्रटच्या वरच्या टोकाचा मधला मोठा नट गाडीवर असताना सोडायचा नाही. बॉनेट उघडल्यावर तो सगळ्यांत आधी दिसतो आणि हात तिकडेच जातो. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटने धरलेली असते. सोडायचे ते त्याच्या भोवतीचे छोटे नट, बहुतेक गाड्यांत तीन, काहींत दोन, आणि तेही सगळ्यात शेवटी.

सपाट, टणक जमीन. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करा. मग जॅक, मग लगेच दोन्ही बाजूंना स्टँड. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल. विटा, सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते भाराखाली अचानक फुटतात.

आदल्या दिवशी सगळ्या आट्यांना तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल लावून ठेवा.

स्ट्रटवरून आधी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर सुटी करा. वायर विसरली तर नकल झुकताना ताणून तुटते आणि मग सेन्सरचा वेगळा खर्च. नंतर लिंकचा नट. आता स्ट्रट आणि नकलला जोडणारे दोन मोठे बोल्ट: सोडण्याआधी स्ट्रटच्या कानाची कड नकलवर जिथे येते तिथे टोकदार सुईने ओरखडा काढा. खुणेसाठी नुसता रंग लावला तर तो तेलाने पुसला जातो. या भोकांमध्ये थोडी मोकळीक असते आणि तेवढ्यात कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो. वरचा बोल्ट एक्सेन्ट्रिक (फिरवला की कॅम्बर बदलणारा) असेल तर त्याच्या डोक्याचीही खूण करा.

बऱ्याच गाड्यांत या बोल्टच्या मानेवर दाते असतात. बोल्ट फिरवलात तर दाते भोक खरवडून काढतात. बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. नट निघत आला की तो बोल्टच्या टोकाशी सपाट ठेवून तांब्याच्या किंवा पितळेच्या दांड्यावरून ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत.

बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कलंडते. ती जाड तारेने बांधून ठेवा. तशीच सोडली तर वजन ब्रेक होजवर येतं, आणि ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढला जाऊन आतला ट्रायपॉड जॉइंट आपल्या कपातून निसटतो. मग बूट काढून, ग्रीसमध्ये हात घालून तो परत बसवायचा.

आता स्ट्रट खालून एका हाताने धरून वरचे नट काढा आणि स्ट्रट खाली घ्या.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन दांडे एकमेकांच्या बरोबर समोर, म्हणजे १८० अंशांवर लावा. कॉम्प्रेसरच्या हुकांमध्ये स्प्रिंगचे जमतील तितके वेढे घ्या, सेफ्टी पिन किंवा क्लिप असेल तर ती लावाच. आट्यांना ग्रीस. दोन-तीन फेरे इकडे, दोन-तीन फेरे तिकडे, हाताच्या पान्यानेच. एअर गन किंवा इम्पॅक्ट लावलं तर आटे गरम होऊन धरतात आणि एक बाजू पुढे पळते, स्प्रिंग केळीसारखी वाकते. तसं वाकायला लागलं तर थांबा, उलटं फिरवून सैल करा आणि दांडे पुन्हा समोरासमोर घ्या. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांच्या रेषेत तोंड किंवा पोट येऊ देऊ नका. स्प्रिंग आपल्या सीटमध्ये हाताने फिरू लागली की दाब पुरे, त्याहून जास्त दाबू नका.

मग मधला नट. रॉड फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला अ‍ॅलनची खाच किंवा चपटा भाग असतो, तो धरायचा. रॉडच्या चकचकीत भागाला पकड लावायची नाही. एक ओरखडाही नव्या शॉकअब्सॉर्बरचं सील कापायला पुरतो.

नवा शॉकअब्सॉर्बर ट्विन ट्यूब (दोन नळ्यांचा) असेल तर उभा धरून रॉड हळूहळू पूर्ण बाहेर, पूर्ण आत, असं ३-४ वेळा करा. आडवा ठेवलेला असताना आतली हवा किंवा गॅस कामाच्या नळीत शिरतो. तो बाहेर काढला नाही तर सुरुवातीला पोकळ झटके देतो आणि माणसाला वाटतं पार्टच खराब आला.

बसवताना तीन गोष्टी बघा: स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या पायरीला टेकलंय का, बेअरिंग सुलटं आहे का, वरच्या माउंटवरचा बाण किंवा खूण ठरलेल्या दिशेला आहे का. बंप स्टॉप, डस्ट बूट, माउंट आणि बेअरिंग नवेच घाला. नाहीतर यासाठी परत सगळं उघडावं लागतं, आणि फाटलेल्या बूटमधून धूळ आत गेली की नवं सील लवकर जातं.

---

गॅरेजकट्टा

स्प्रिंग कॉम्प्रेसर पहिल्यांदाच हाताळणार असाल तर एक सुचवतो. स्ट्रट पूर्ण बाहेर काढा आणि फक्त स्प्रिंग दाबून शॉकअब्सॉर्बर बदलण्याचं काम भिंतीवरचा कॉम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपमध्ये करून आणा. काढणं-बसवणं घरी, धोक्याचा तुकडा तेवढा बाहेर. स्प्रिंग, माउंट, बेअरिंगसकट जोडलेला स्ट्रट तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर तोही चांगला पर्याय आहे, फक्त स्प्रिंग तुमच्याच व्हेरिएंटची आहे ना ते पार्ट नंबरवरून बघा. पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंग बहुधा वेगळ्या असतात.

---

रबरबुश

बुशच्या प्रश्नाचं उत्तर.

आर्मचं बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडी, आत लोखंडी स्लीव्ह आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली स्लीव्ह सबफ्रेममध्ये जाम होते. ती फिरत नाही, आर्म वर-खाली होताना रबरच पिळलं जातं आणि परत येतं. म्हणजे ज्या कोनात बोल्ट आवळला तो रबराचा शून्य.

हिशोब करून बघा. आर्म ३० सेंमी लांब आहे आणि लोंबणारं चाक नेहमीच्या उंचीपेक्षा ८ सेंमी खाली आहे, तर आर्म साधारण १५ अंशांनी झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळलात तर गाडी खाली उतरल्यापासून रबर कायम १५ अंश पिळलेलं. शिवाय उंचवट्यावर चाक उचललं की पीळ आणखी वाढतो. नवं बुश थोड्याच महिन्यांत फाटतं आणि दोष पार्टच्या माथी जातो. गाडी पुढून किंचित उंच बसते ते वेगळंच.

म्हणून काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा. आर्म बसवताना बोल्ट हाताने लावा, फक्त टेकवा. बाकी सगळं जोडून झाल्यावर बॉल जॉइंटच्या जवळ, आर्मखाली लाकडाचा तुकडा घालून जॅकने उचला, लिहिलेलं अंतर आलं की तिथे थांबून टॉर्क रेंच लावा. जॅक वर घेताना स्टँडवर लक्ष ठेवा. गाडी स्टँडवरून सुटायला लागली तर त्यापुढे उचलू नका. लिंक रॉड जोडलेली असेल तर दुसऱ्या लोंबत्या चाकामुळे बार आडवा येतो आणि गाडी आधीच उचलली जाते, म्हणून लिंक सगळ्यात शेवटी. चारही चाकं सारख्या उंचीच्या भक्कम रॅम्पवर घेऊन आवळता आलं तर सगळ्यात उत्तम.

हा नियम फक्त रबर पिळलं जातं त्या बोल्टना: आर्मचा पुढचा बोल्ट, मागचा जर आडवा असेल तर तो, मागच्या बीमचे पिव्हट बोल्ट आणि मागच्या शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट. बॉल जॉइंट, नकलचे दोन बोल्ट आणि लिंक कुठल्याही उंचीवर आवळा, फरक पडत नाही.

---

चौथागिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी केली. डावी लिंक टकटक करते, उजवीही सैल आहे. दोन्ही मागची बुशं स्लीव्हपासून सुटली आहेत. इंजिन माउंट ठीक आहे.

आता दोन अडचणी. लिंकचा नट फिरवला की आतला स्टडही फिरतो आणि अ‍ॅलनची खाच गोल झालीय. दुसरं, बॉल जॉइंट नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेला दिसतो, कॅसल नट (खाचांचा, पिन घालायचा नट) नाही. तो कसा काढायचा? आणि फक्त बुश प्रेस करून घ्यावं की पूर्ण आर्म?

---

ग्रीसगन

लिंक नवीच घालणार आहात, मग जुनीची दया नको. बॉलच्या बाजूला, बूटच्या मागे स्टडला चपटा भाग असतो. तिथे पातळ फिक्स पाना बसला तर बघा, नाहीतर स्टड हेक्सॉने किंवा ग्राइंडरने कापा. ग्राइंडर वापरलात तर ब्रेक होज, सीव्ही बूट (ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावरचं रबर) आणि एबीएसची वायर ओल्या जाड फडक्याने झाका, डोळ्यांना गॉगल. ठिणगीने रबरी बूटला पडलेलं बारीक भोक लगेच दिसत नाही, ग्रीस उडायला लागल्यावर कळतं. नव्या लिंकचा नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) असतो, तो एकदाच वापरायचा.

तुमचा बॉल जॉइंट पिंच प्रकारचा आहे. त्यात स्टडला एक खोबण असते आणि आडवा बोल्ट त्या खोबणीतून जातो. त्यामुळे बोल्ट नुसता ढिला करून उपयोग नाही, पूर्ण बाहेर काढायचा. मग नकलच्या चिरेत चपटी छिन्नी हलकेच ठोकून चीर केसभर उघडा आणि आर्म टॉमीने खाली दाबा. चीर जास्त फाकवली तर नकलचा कान तडकतो. बसवताना स्टड पूर्ण आत गेला की मगच बोल्ट हाताने आरपार सरकतो. सरकत नसेल तर ठोकू नका, स्टड अजून वर जायचा आहे. तो बोल्ट नवा घाला.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: टेपर (निमुळता) स्टड आणि कॅसल नट असेल तर नट दोन-तीन आट्यांवर ठेवून बॉल जॉइंट सेपरेटर लावा. फाट्यासारखं अवजार जुन्या जॉइंटला चालेल, ठेवायच्या जॉइंटचा बूट मात्र ते फाडतं. कास्ट लोखंडाच्या नकलला, स्टड बसतो त्या भोकाच्या बाजूवर हातोड्याचा जोरदार घाव घातला की टेपर सुटतो, अ‍ॅल्युमिनियमच्या नकलला हे करू नका. बसवताना कॅसल नट टॉर्कपर्यंत आवळा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही.

घरच्या कामाला पूर्ण आर्म घ्या. बॉल जॉइंट आणि दोन्ही बुशं नवी येतात, प्रेस लागत नाही. रबर जाळून बुश काढणारे आहेत, पण तो धूर विषारी असतो, ते करू नका. फक्त बुशच बदलायचं ठरलं तर जुन्या बुशच्या पोकळ्या आर्मवर कुठल्या कोनात आहेत त्याची खूण करून घ्या, नवं तसंच बसलं पाहिजे. बसवताना साबणाचं पाणी, ग्रीस किंवा ऑईल नाही. खनिज तेलाने रबर फुगतं.

स्टॅबिलायझर बारची मधली दोन बुशंही बघा. ती बहुतेक गाड्यांत कोरडीच बसवतात आणि त्यांची चीर ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवायची.

---

नटबोल्ट

टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. छोट्या गाड्यांत चाकाचे नट साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर आणि लिंकचे ४० ते ६० च्या आसपास असतात, पण आर्म आणि नकलच्या बोल्टमध्ये मॉडेलनुसार खूप फरक आहे. काही मॅन्युअलमध्ये ‘इतका टॉर्क अधिक ९० अंश’ असं दिलेलं असतं. असे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते बहुधा नवेच घालायला सांगितलेले असतात.

काम झालं की गाडी खाली घेऊन पुढचा भाग दाबून सोडा, मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून उडी मारत असेल तर बेअरिंग उलटं बसलंय किंवा स्प्रिंगचं टोक पायरीला नाही. नव्या पार्टवरही खट-खट येत असेल तर तीन नट बघा: लिंकचा, स्ट्रटचा मधला आणि आर्मचे. जवळजवळ नेहमी यातलाच एक ढिला निघतो.

व्हील अलाइनमेंट करावंच लागेल, खूण कितीही नेमकी असली तरी. कॅम्बर थोडा हलला की टो (चाकं पुढे आत किंवा बाहेर वळण्याचं माप) पण हलतो, आणि टो चुकलेला असेल तर टायर आतून किंवा बाहेरून झपाट्याने झिजतो. अलाइनमेंटला जाईपर्यंत हळू आणि कमीत कमी चालवा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असेल आणि स्टेअरिंगचा मध्य बदलला असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सरचं शून्य स्कॅनरने सेट करून घ्या, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो.

सुमारे १०० किमी झाल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि तेव्हाच वाकून लिंक, नकल आणि आर्मच्या नटांवर नजर टाका. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक सरळ रेघ नटापासून धातूपर्यंत मारून ठेवलीत तर रेघ तुटलीय का एवढंच बघायचं.

---

चौथागिअर

रेघेची कल्पना फारच उपयोगी. मागचे शॉकअब्सॉर्बरही याच वेळी घेतोय. तिथे काही वेगळं?

---

पानागोटी

मागचं काम सोपं, पण खालचा बोल्ट काढण्याआधी बीमखाली जॅक लावा. चाक खाली किती जावं हे तिथे शॉकअब्सॉर्बरच ठरवतो. तो सुटला की बीम धाडकन खाली येतो, ब्रेक होज ताणला जातो आणि स्प्रिंग सीटमधून निसटते. एका वेळी एकच बाजू सोडा, ती पूर्ण जोडून मग दुसरी. खालचा बोल्ट हाताने लावून ठेवा, आवळायचा तो गाडी चाकांवर उतरवल्यावर.